खेळाला प्रयोजन हवंच का?

सिरोंच्यात पी.टी. शिकवण्यात माझी नोकरी सरली. खेळाच्या जागेचा विषय निघाला की तालुक्यातली पोरं अजून माझ्याकडेच येतात. सध्या माझ्या डोक्यात डिस्क गोल्फ आहे. तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत 1975 साली याचं पहिलं कायमचं मैदान झालं. क्रिकेटला माळ साफ करावा लागतो. इथे झाड आडवं येतं म्हणूनच खेळ रंगतो. एकही साग न तोडता नऊ टोपल्या उभ्या करता येतील.

गावात हे बोललं की पहिला प्रश्न येतो, ‘गुरुजी, याचा फायदा काय?’ पायी चालणं होतं, आजोबा आणि नात एकत्र खेळतात, खर्च थोडा. ही उत्तरं खरीच आहेत. पण फायद्यावर मिळालेली जागा फायद्यावरच जाते. उद्या कुणी त्याच जागेचा जास्त फायदा दाखवला, तर पोरांनी उठायचं?

ब्रह्मसूत्रांत हाच पेच ईश्वरापुढे आहे. ज्याला काही कमी नाही, त्याने जग कशाला निर्माण केलं? बादरायणांचं उत्तर: लीला म्हणून. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य सगळ्या इच्छा पुरलेल्या राजाचा दाखला देतात. तो मला सिरोंच्यात पटत नाही. मोहफुलं वेचून आलेल्या बाईची कुठली इच्छा पुरलेली असते? मग तिच्या पोरीने पोट भरेपर्यंत खेळायला थांबायचं? पण तिथेच आचार्यांनी दुसरा दाखला दिलाय, श्वासाचा. तो बाहेरचं काही मिळवायला चालत नाही, स्वभावानेच चालतो. मी राजा सोडून हा श्वास धरतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जगालाच चैतन्याचा विलास मानलं, त्या विलासात उपाशी पोरगीही आलीच.

कायद्याला मात्र प्रयोजन लागतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरहून कमी वनजमीन गावाच्या सोयींसाठी मिळू शकते. शाळा, दवाखाना, रस्ता, तळं अशा तेरा सोयी तिथे मोजल्या आहेत. खेळाचं मैदान त्यांत नाही. ‘कौशल्य प्रशिक्षण केंद्र दाखवा, गुरुजी,’ असा सल्ला मिळतो. मला तो नको. जंगलाबाहेर, गावाच्या ताब्यातली पडीक जागा बघू. तिथे मोहाचं झाड असेल, तर फुलं पडायच्या दिवसांत टोपल्या हलवू. तेंदूच्या हंगामात माणसं पहाटेपासून पानांमागे असतात, तेव्हा मैदान बंद राहील. खेळाने कामाला वाट द्यावी, पण जागा मागताना कामाचं सोंग घेऊ नये. ठरावात उद्देश लिहायचा झाला, तर मी ‘खेळणे’ एवढंच लिहीन.