सासरचे घर आणि तिचा हक्क

नवऱ्याची तेरवी उरकली की अनेक विधवांना सासरी एकच सल्ला मिळतो, माहेरी जा. माहेरी भावाला हक्कसोडपत्र कधीच लिहून दिलेले असते. चार दिवस लेक, पाचव्या दिवशी भार. मग उरते निवारागृह. शेतकरी आत्महत्यांनी यवतमाळ जिल्ह्यात इतक्या बायकांना एकटे पाडले आहे, की आणखी निवारे हवेत ही मागणी रास्तच वाटते. पण सरकारच्या ‘सखी’ मदतकेंद्रातला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी काय? शिवाय वणी-मारेगावकडची शेतमजूर बाई शहरातल्या खोलीत आली की तिची रोजंदारी, मुलांची शाळा, रेशन सगळे मागे राहते. म्हणून खरी मदत तिला त्याच घरात टिकवण्याची आहे, कारण तिथे तिचा हक्क आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पतीची पहिल्या वर्गाची वारस ठरते. गोंड-कोलाम बायांना तो कायदा लागू नाही. पण २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्यांनाही लागू आहे, आणि घर कोणाच्याही नावे असो, तो राहण्याचा हक्क देतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्याच खटल्यात तो मान्य केला. गावातल्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधली नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा निर्णय तर राज्याने २००३ मध्येच घेतला होता.

यावर कोणी म्हणेल, नमुना आठ ही करआकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. खरे आहे. पण दाराला कुलूप लागते त्या सकाळी पोलीस पाटलासमोर धरायला तेवढाच कागद हाताशी असतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मारहाण होते त्याच घरात तिला परत ढकलायचे? मुळीच नाही. न्यायालय मारणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढू शकते, नाहीतर तिच्यासाठी वेगळ्या खोलीचे भाडे भरायला लावू शकते. साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. तारखा पडतच राहतात. तेवढ्या मधल्या काळासाठी निवारा लागणारच, पण मधल्या काळापुरताच.  शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीच्या एक लाखापैकी तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत, एवढा बारीक विचार सरकारने २००६ मध्ये केला. त्या मदतीच्या चौकशीसाठी तलाठी घरी येतोच. वारस नोंदीचा अर्ज आणि ग्रामसेवकाकडून नमुना आठचा उतारा त्याच फेरीत तयार करायला कोणती नवी योजना लागते?