शाखा कोणी निवडली?

विदुषी कन्या हवी असेल तर आईबापांनी तीळ घालून शिजवलेला भात तुपासह खावा, असं बृहदारण्यक उपनिषद सांगतं. भाष्य करताना शंकराचार्यांना खुलासा करावासा वाटला: मुलीची विद्वत्ता घरसंसारापुरतीच समजावी, वेदांचा तिला अधिकार नाही. गंमत अशी, की याच उपनिषदात गार्गी भरसभेत याज्ञवल्क्यांना प्रश्नांनी घेरते. भाष्यकाराने मात्र जन्मालाही न आलेल्या मुलीची शाखा ठरवून टाकली!

पुढे अधिकाराचा मुद्दा मागे पडला, उपयोगाचा आला. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते बहुतेक स्त्रियांना संसारच करायचा आहे हे धरून, वेगळ्या अभ्यासक्रमासह. कळवळा खरा होता, मातृभाषेतून शिकवण्याचं धाडसही मोठं. निवड पुन्हा दुसऱ्याचीच.

आता सगळे ‘तिची आवड’ म्हणतात. ‘मलाच मेकॅनिकल इंजिनिअरिंग नको होतं,’ असं मुलगीही सांगते, आणि खोटं बोलत नसते. नॉर्वेचे तत्त्वज्ञ जॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांवर पुस्तकच लिहिलं. जे मिळणार नाही ते माणूस नकोसं करून घेतो. अशा इच्छेला त्याची स्वतःची म्हणायचं का? कॉलेज परगावी, शेवटची एसटी संध्याकाळी लवकर, वर्गात जेमतेम दोन मुली. हे मनात मुरलं की नावड आपोआप तयार होते.

उलटही घडतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ. त्यांनाही रसायनच आवडलं. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. घरातून आलेली ही आवड तरी त्यांची स्वतःची कशी? कदाचित अडवल्यावरही टिकली म्हणून. पण हा निकष फार महागडा झाला. मुलग्यांची आवड अशी कोण पारखून घेतं?

आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, आणि आठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारं त्यांचं प्रमाण काही वर्षांतच वीसवर गेलं. एवढ्यात मुलींचा स्वभाव पालटला, असं कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रानेही २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. वसतिगृह, मेस त्यात नाही. त्यामुळे खेड्यातल्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजातलं बीएस्सीच ‘आवडण्याची’ शक्यता अजून भरपूर आहे.