हिरवा दिवा आणि भोंगा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी सत्संगात बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं, "गुरुजी, बारा वर्षं झाली, पोथीला एक दिवस खाडा नाही. तरी घरात शांती का नाही? तरणाताठा मुलगा, पण आठ-आठ दिवस धड बोलत नाही." त्यावर गुरुजी जे बोलले, ते टिपून घेता आलं तसं खाली देत आहोत.

*

ताई, खाडा नाही हे चांगलंच आहे. पण आज तुम्हाला पुराणातली नाही, विमानाची गोष्ट सांगतो.

२००५ सालची, १४ ऑगस्टची सकाळ. सायप्रस बेटावरच्या लार्नाका गावाहून ग्रीसच्या अथेन्सला एक विमान निघालं. बोईंग ७३७, हेलिओस कंपनीचं, उड्डाण क्रमांक ५२२. आत १२१ माणसं, लेकरंबाळं धरून. आता वर उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब राखावा लागतो. ते काम यंत्र आपोआप करतं, फक्त त्याचा खटका 'ऑटो'वर हवा. रात्री दुरुस्तीवाल्यांनी दाबाची तपासणी करताना तो 'मॅन्युअल'वर फिरवला होता. तो तसाच राहिला.

एवढंसं बोंड हो! पण ते चुकीच्या जागी, आणि हवा बाहेर सोडणारी झडप थोडी उघडी.

आता तुम्ही म्हणाल, वैमानिकांनी बघितलं नाही का? त्यांचाही नेम असतो बरं का. चेकलिस्ट म्हणतात तिला. उड्डाणाआधी, इंजिन सुरू झाल्यावर, आकाशात चढल्यावर, तीन वेळा हा खटका बघायची संधी होती. तिन्ही वेळा तो निसटला. रोज तो 'ऑटो'वरच असतो ना! हजारदा बघितलेल्या जागी डोळा जातो, पण बघत नाही. आणि गंमत अशी, की खटका 'मॅन्युअल'वर असला की त्याचा दिवा लागतो तो हिरवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असंच आपल्या मनात बसलेलं असतं.

आपलं पोथीचं तेच होतं. ओठ चालू, बोट ओळीवर, पान उलटतं. मन भाजी निवडतंय. मी सुद्धा त्यातून सुटलेलो नाही, उगीच गादीवर बसून दुसऱ्याला सांगत नाही.

पुढे ऐका. विमान बारा हजार फुटांवर आलं आणि भोंगा वाजला. देवाची कृपा म्हणा, यंत्राची म्हणा, सूचना मिळाली! पण तोच भोंगा जमिनीवर असताना वेगळ्या कारणासाठी वाजतो, उड्डाणाची मांडणी चुकली असेल तर. दोघांनी ओळखीचा आवाज ऐकला आणि त्याला ओळखीचाच अर्थ लावला. विमान आकाशात आहे, तो अर्थ इथे लागूच नाही, हे ध्यानात आलं नाही. विमान चढतच राहिलं. मागे प्रवाशांपुढे प्राणवायूचे मुखवटे खाली पडले. वैमानिकांना आपला मुखवटा हाताने घ्यावा लागतो, तो त्यांनी घेतला नाही. खालच्या इंजिनिअरने विचारलंसुद्धा, दाबाचा खटका 'ऑटो'वर आहे ना? कॅप्टनने उत्तर न देता भलत्याच गोष्टीची चौकशी केली.

त्याला दोष देऊ नका. प्राणवायू कमी पडला की आधी बुद्धी जाते, आणि ती गेली हे कळायला लागते तीच बुद्धी. थोड्या वेळात दोघंही बेशुद्ध. विमान मात्र आपोआप ३४,००० फुटांवर गेलं, अथेन्सपर्यंत पोचलं, आणि तिथे घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं तेव्हा ग्राम्मातिको गावाजवळच्या डोंगरावर पडलं. कोणी वाचलं नाही. पुढे या विमानांत त्या सूचनेसाठी वेगळे दिवे बसवायला लावले, म्हणजे भोंग्याची गल्लत होऊ नये.

ताई, आता मला सांगा. मुलगा गप्प आहे, त्याला तुम्ही नाव काय दिलंत? "मोबाइलचं वेड. हल्लीची पिढी." हेच ना? हा तुमचा ओळखीचा अर्थ. जो लहानपणी रुसायचा, त्याच्या गप्प बसण्याला तेव्हाचाच अर्थ आज कसा लागेल? आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा. उपदेश नको. "काय झालंय रे?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. रागाने, काळजीने आपलीही हवा विरळ होते, म्हणून आधी चार श्वास शांत घ्या, मग दार ठोठवा.

*

रविवारी ताईंचा निरोप आला. त्यांच्या परवानगीने सांगतो. मुलाची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच सुटली होती. रोज डबा घेऊन निघायचा आणि कमाटीबागेत बसून संध्याकाळी परत यायचा. त्या रात्री दोघं अडीच वाजेपर्यंत बोलत बसली. त्या नादात पोथी राहिली, बारा वर्षांत पहिल्यांदा. ताई त्याबद्दल गुरुजींची माफी मागत होत्या.

गुरुजींनी मुलाचं शिक्षण विचारलं. बडोदा, इंदूर किंवा पुण्यात कोणा गुरुबंधूच्या माहितीत डिप्लोमा मेकॅनिकलसाठी जागा असेल तर गटाच्या सेवेकऱ्यांना कळवावं. 🙏