उंच रेघ, खोल रेघ

दिवसाची कामं आटोपली की पाकिटातलं एक नाणं काढा. रुपयाचं, पाचाचं, कुठलंही चालेल. दिव्याजवळ निवांत बसा. नाणं चिमटीत धरताना बोटं कडेवरच ठेवा, कारण घामाचे डाग धातूवर राहतात.

आधी साल वाचा. मग सालाच्या खाली बघा. शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक खूण असेल, तर हे नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. ती रिकामी जागाही खूणच आहे. आपल्या हातात येण्याआधी हे कुठे जन्मलं, एवढंच क्षणभर मनात धरा.

आता नाणं जरा तिरकं करा आणि प्रकाशात सावकाश फिरवा. एखादी रेघ चमकेल. घाई करू नका. तिला अजून दोष म्हणू नका आणि दुर्मीळही म्हणू नका. नखाचं टोक तिच्यावरून अलगद न्या. नख खाली उतरतं, की वर चढतं?

खाली उतरलं, तर बहुतेक तो ओरखडा आहे. किल्ल्यांचा जुडगा, दुकानाचा गल्ला, फरशीवर पडणं, यांतलं काहीतरी त्याला लागलं. हा ओरखडा या एका नाण्याचा. अगदी असाच दुसरा कुठेही नसेल.

वर चढलं, तर रेघ टांकसाळीतून आलेली असू शकते. नाण्याचा साचा पोलादाचा असतो. असंख्य चकत्यांवर दाबला जाऊन तोही थकतो आणि त्याला तडा जातो. पुढच्या दाबाला चकतीचा धातू त्या तड्यात शिरतो आणि साच्यातली भेग नाण्यावर उंचवटा होऊन उठते. इथे थोडं थांबा. साच्याला जिथे खळगा पडला, तिथेच नाणं उंच झालं आहे.

ही रेघ एकटी नसते. त्या साच्यातून नंतर निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती असते आणि साचा चिरत जातो तशी ती लांबत जाते. जाणकार अशी नाणी ओळीनं मांडतात. आखूड रेघेचं आधी जन्मलेलं, लांब रेघेचं नंतरचं.

खोल ते सगळे ओरखडेच नसतात, हेही ध्यानात असू द्या. कधी छापलेलं नाणं साच्यालाच चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर एका बाजूला त्याच नाण्याचा चेहरा उलटा आणि खोलगट उमटतो. संग्राहक अशा नाण्याला ‘लाखी’ म्हणतात.

डोळे मिटा. मला इथे आजीच्या देव्हाऱ्यातली शिवराई दिसते. तांब्याची, जाड, हातोड्याच्या घावानं घडलेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. तिच्यावरचा ‘व’ अर्धाच होता. तो झिजला असं मी लहानपणी धरून चाललो. मोठेपणी कुंकू बाजूला सारून पाहिलं, तर उरलेला अर्धा स्पष्ट होता आणि कडेपाशी एकदम तुटला होता. झिजलेलं अक्षर हळूहळू पुसट होतं, असं तुटत नाही. साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून उरलेला ‘व’ तिच्यावर कधी उमटलाच नव्हता. जे तिला मिळालंच नाही, ते तिनं गमावलं असं मी इतकी वर्षं समजत होतो.

आता तेच नख आपल्या स्वभावावरून फिरवा. एक खडबडीत जागा निवडा. माझं चटकन तडकणं मी कायम माझा ओरखडा मानलं. मग एका लग्नघरात काकांचा आणि चुलतभावाचा आवाज नेमक्या तशाच जागी चढताना ऐकला. एकाच साच्याची रेघ, कुणाची आखूड, कुणाची लांब. त्या दिवशी तिघांबद्दलही मन नरम झालं.

तुमची ती जागा कसली आहे? लागलेली, घराण्यातून आलेली, की कधी उमटलीच नाही अशी? उत्तर आजच मिळायला हवं असं नाही. दोन श्वास तिच्यापाशी थांबा.

नाणं परत ठेवा. घासू नका, उजळू नका. जुनं नाणं घासलं की मळाबरोबर त्याचे पुरावेही जातात. उद्या दुकानात सुटे पैसे हातावर आले, तर ते मोजण्याआधी एकदा तिरके धरून बघा. तशीच उंच रेघ असलेलं दुसरं नाणं त्यांत असू शकेल.