जुनी घरं, दुसऱ्यांची

जुनी घरं मला फार आवडतात. अर्थात दुसऱ्यांची.

परवा आम्ही उभयता पणजीला गेलो होतो. तिथं फोंतेन्हास म्हणून जुन्या पोर्तुगीज वळणाची वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, उतरती कौलं, निळ्या-पिवळ्या-तांबड्या भिंती. पावसाळा संपला की घराला रंग दिलाच पाहिजे, असा त्या राजवटीत दंडक होता म्हणतात. राजवट १९६१ साली गेली, रंग राहिला. काही घरांत आता हॉटेलं निघाली आहेत, काहींत चित्रं विकतात. गल्ली कशी जागती आहे!

एका पिवळ्या घराच्या पायरीवर मी ऐटीत बसलो. शेजारीच 'इथे फोटो काढू नयेत' अशी पाटी होती. ती फोटोत फार छान आली आहे. हिनं फोन रोखला आणि पाठीमागचं दार उघडलं. आजीबाई होत्या, हातात पिशवी.

"बसा हो, बसा," त्या कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "फक्त मला बाजारात जाऊ द्या. माझ्याच दारात आज चौथ्यांदा वाट मागत्येय."

मी ओशाळून म्हटलं, "घर फार सुंदर आहे हं आजी. विकू नका कधी!"

"नाही विकत. मे महिन्यात कौलं परतायला येता? माणसं मिळत नाहीत."

आता आली का पंचाईत! भिंतीला दोन अंगं असतात. आतलं मालकाचं, पण बाहेरचं कोणाचं? ते तर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचं, असं माझं ठाम मत. त्याचं रूप बिघडवायचा मालकाला काय अधिकार? पण मग रंगाचे पैसे रस्त्यानं जाणाऱ्यानं द्यायला नकोत का? शोभा सगळ्यांची आणि गळती एकट्याची, हा कुठला न्याय?

हा प्रश्न मला आमचा वाडा विकताना मुळीच पडला नव्हता. भर पेठेत होता. उताऱ्यावर अकरा चुलतभावांची नावं आणि छतातून अकरा ठिकाणी पाणी. 'भावना बाजूला ठेवा,' असं सगळ्यांना बजावणारा मीच. ओट्यावर चाळीस वर्षं मशीन चालवणारा शिंपी तेवढा म्हणाला, "मालक, दर्शनी बाजू ठेवता आली तर बघा. गिऱ्हाईक खुणेनं येतं." आम्ही हसलो. आता तिथं चार मजले आणि खाली मोबाइलची तीन दुकानं आहेत. शिंपी कुठं गेला, ठाऊक नाही. नक्षीचे खांब एका हॉटेलवाल्यानं नेले. मागं एकदा तिथं एका खांबाला टेकून मी दीडशे रुपयांचा चहा प्यायलो आणि हिला म्हटलं, "बघ, लोकांना कशी आवड असते!"

आजीबाई पायऱ्या उतरता उतरता थांबल्या.

"तुमचंही असेल की गावाकडे असं जुनं घर?"

ही एकदम फोनमध्ये काहीतरी शोधू लागली.

"होतं," मी म्हटलं, आणि पिशवी धरायला हात पुढे केला.