कॅमेऱ्यामागचा माणूस दोषी आहे काय?

गेल्या हिवाळ्यात दिंद्रुडला नववीच्या वर्गात मी एक इंग्रजी कविता मराठीतून समजावून सांगितली. कॅरल ॲन डफी या कवयित्रीच्या १९८५ सालच्या संग्रहातली ती आहे. युद्धावरून परतलेला छायाचित्रकार घरच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतो आहे. रणांगणात जे त्याने आवरून धरले, ते इथे त्याला आवरत नाही. छापलेले चित्र पाहून लोक घटकाभर हळहळतात आणि जेवायला बसतात. कविता अभ्यासक्रमात नव्हती. पण पोरांच्या मोबाइलवर गाझाची, युक्रेनची चित्रे येतात आणि बोटासरशी वर सरकून जातात, म्हणून घेतली.

एका मुलाने विचारले, “सर, त्यानं फोटो काढण्यापेक्षा त्या माणसाला वाचवलं का नाही?”

मी घाईने म्हणालो, “पोटासाठी गेलेला माणूस तो, काय करणार?”

हे उत्तर मला पुढे फार दिवस टोचत राहिले, कारण ते खोटे होते. १९७१ साली किशोर पारेख यांना कोणीही पाठवलेले नव्हते. ते आपणहून बांगलादेशात गेले आणि पुढच्या वर्षी ६७ छायाचित्रांचे पुस्तक काढले. याला पोटाचा धंदा म्हणायचे काय?

त्याच युद्धातली दुसरी हकीकत अधिक अवघड आहे. पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यात भर मैदानावर जमावासमोर बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकण्यात आले. परदेशी छायाचित्रकार हजर होते. मार्क रिबू यांच्यासारखे काही जण तिथून निघून गेले. होर्स्ट फास आणि मिशेल लोरां थांबले. १९७२ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. आता सांगा, शुद्ध कोण? निघून गेलेल्यांचे हात स्वच्छ राहिले, पण कैदी काही वाचले नाहीत. थांबलेल्यांमुळे जगाला कळले; पण कॅमेरे नसते तर संगिनी तशा चालल्या असत्या का, हा संशयही राहतोच. चेतना हेच कर्म, असे तथागत सांगतात. दुसऱ्याची चेतना आपण कोणत्या मापाने मोजणार?

केविन कार्टरला मात्र लोकांनी मोजून टाकले. सुदानमधले उपाशी लेकरू आणि मागे बसलेले गिधाड हे त्याचे १९९३ चे चित्र. १९९४ ला पारितोषिक मिळाले आणि त्याच जुलैत त्याने आत्महत्या केली. त्या एका चित्राच्या पश्चात्तापाने तो मेला, असे वर्गात सांगायला सोपे पडते. त्याच्या चिठ्ठीत मात्र पैशाची ओढाताण होती आणि पाठ न सोडणारी प्रेते होती.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून चार दृश्यांची कथा बाबासाहेबांनी नाकारली, हे आपण जाणता. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय लढायला उठले, तेव्हा सिद्धार्थाने शाक्यांच्या संघात युद्धाच्या ठरावाला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. दुःख नुसते पाहून तो थांबला नाही. तिथे सभा होती, तिथे नाही म्हणता आले. छायाचित्रकाराला कुठली सभा? त्याची सभा म्हणजे आपण, चित्र पाहणारे. तो ठराव मांडून जातो आणि आपण मत न देताच उठतो. मग ते चित्र एकट्या त्याच्यापाशी उरते. त्याचा छळ होतो तो मला इथे दिसतो.

हे सारे मी पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितले आणि आधीचे उत्तर चुकले होते, हेही कबूल केले. प्रश्न विचारणारा मुलगा ऊसतोडीवर जाणाऱ्या घरचा. तो थोडा वेळ गप्प बसला.

मग म्हणाला, “सर, आमच्या मायचा बी फोटू काढला होता फडावर. पेपरात आला म्हणतेत. आमाला कुणी दावला नाई.”