त्या रात्रीचे खरेपण

'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाची 'लाइव्ह ॲट लीड्स' ही ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली, तेव्हा तिच्या मधल्या कागदी चकतीवर हस्ताक्षरात एक सूचना होती : चरचर ऐकू येते ती असू द्यावी, दुरुस्त करू नये. १४ फेब्रुवारीला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करताना यंत्रणेतल्या दोषाची खरखर फितीवर उतरली होती. कुणा अतिशहाण्याने ती पुसू नये म्हणून ही ताकीद. पंचवीस वर्षांनी, १९९५ च्या सीडीसाठी संगणकाने ती काढून टाकली. आणि तसे सीडीवर नमूदही केले.

दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला खरे सांगितले गेले. (हार्ड रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असे मानणाऱ्यांनी पान उलटायला हरकत नाही. पण प्रश्न गोंगाटाचा नाही, साक्षीचा आहे.) 'हे लोकांसमोर वाजवलेले आहे' असे ज्या तबकडीवर छापलेले असते, ती आपल्याला नेमके कशाचे वचन देते?

डीप पर्पलची 'मेड इन जपान' या प्रकारातली मानदंड समजली जाते. १९७२ च्या १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकात व १७ ला टोकियोच्या बुदोकानमध्ये हे कार्यक्रम झाले. (आपल्याकडे त्याच पंधरा तारखेला स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव चालला होता.) मुळात आग्रह जपानी कंपनीचा, या मंडळींना मैफलीची तबकडी काढण्याची फारशी हौस नव्हती. त्यांनी मार्टिन बर्च हा आपला ध्वनिमुद्रक नेला. स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटोपलेले 'स्पेस ट्रकिन' येथे जवळजवळ वीस मिनिटे चालते, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापते. मागाहून एकही सूर भरलेला नाही, असे वादक सांगत आले आहेत.

तरीही पाहा. सात गाण्यांपैकी चार सोळा तारखेची, एक पंधराचे, दोन सतराची. आपण डोळे मिटून जी संध्याकाळ ऐकतो, ती जगात कधी झालीच नाही! मात्र मी याला खोटेपणा म्हणणार नाही. साक्षीदार सगळेच सांगत नाही, वेचून सांगतो. पण जे सांगतो ते घडलेले असते. आपल्या भागात मैफलींच्या कॅसेटी हातोहात फिरत. त्यांतही कुणीतरी भैरवी ठेवलेली असे आणि सुरुवातीचे तंबोरे जुळवणे गाळलेले असे.

किसच्या १९७५ च्या 'अलाइव्ह!'ची गोष्ट निराळी. बुडत्या वाद्यवृंदाला आणि त्याच्या कंपनीला तिने तारले. चुकलेल्या जागा स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतल्याचे गायक पॉल स्टॅन्ली याने २०१४ च्या आत्मचरित्रात मान्य केले. यावर कुणी म्हणेल, ऐकणाऱ्याचा आनंद तर खराच होता ना? मग फसले कोण?

मला वाटते, फसला तो एखाद्या गावातला पोरगा. उसनी गिटार घेऊन तो ती तबकडी लावतो, दहादा अडखळतो आणि समजतो की माणसे हजारो लोकांसमोर अशी बिनचूक वाजवतात, आपल्याच बोटांत काही नाही. त्याला कुणी सांगायला हवे होते की तेही अडखळले होते. आनंद खरा असला म्हणून तुलना खरी ठरत नाही. आणि अन्याय त्या वादकांवरही होतो, ज्यांनी आपली चूक तशीच बाजारात मांडली.

एवढ्यावर निकाल लागला असता. पण हल आडवे येते. लीड्सच्या दुसऱ्याच रात्री द हूने हल शहरात वाजवले. तिथे पहिल्या चार गाण्यांत जॉन एंटविसलची बास गिटार फितीवर उतरलीच नाही. तो २००२ साली वारला. २०१२ मध्ये ते ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या चार गाण्यांना लीड्सची बास जोडलेली होती. हे लपवले नाही. आता काय म्हणावे? बास गाळली असती तर फितीशी इमान राहिले असते, पण सभागृहाशी नाही. कारण हलच्या श्रोत्यांनी त्या रात्री ती ऐकली होती. जोडली, तर त्यांनी ऐकलेली ती नव्हेच. हात त्याचेच, गाणी तीच, रात्र फक्त आदली.

मी ही जोड मान्य करतो, कारण ती सांगून केलेली आहे. पण कुरकुरतच. बास वाजवणारा ढोलाकडे कान लावून असतो. त्या चार गाण्यांत कीथ मून हलमध्ये ठोका टाकतो, आणि एंटविसल उत्तर देतो ते मूनच्या लीड्समधल्या ठोक्याला. मी ऐकतो तेव्हा कान हटकून त्या सांध्यावर जातो. पाचवे गाणे सुरू झाले की मग दोघे एका खोलीत येतात.